तिनं लपवलं नव्हतं

ही गोष्ट खरी सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. मी गप्प बसलो होतो असं मात्र कुणी समजू नये. मैदानावर, शिबिरांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी खोटी सांगितली आहे. इतक्या वेळा, की मधल्या काही वर्षांत माझाच तिच्यावर विश्वास बसत चालला होता. आता सत्तरी ओलांडली. ज्या माणसाला खरं सांगायला हवं होतं तो गेला. तेव्हा निदान कागदावर तरी ती जशी घडली तशी उतरवतो.

मी वर्ध्याच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. खो-खो, कबड्डी सगळंच घ्यायचो, पण माझा जीव होता लांब पल्ल्याच्या धावण्यात. तीन हजार, पाच हजार मीटर, क्रॉस कंट्री. त्यातही मुलींच्या. मुलं भरतीसाठी पळतात आणि भरती झाली की थांबतात. मुलगी पळते, कारण थांबली तर घरी काय वाट्याला येणार हे तिला ठाऊक असतं. हे मी त्या काळी मोठ्या अभिमानानं लोकांना सांगायचो. मुलींच्या त्या धाकाचा मी चाबूक केला होता, आणि तो माझ्याच हातात होता.

पिपरी मेघेच्या बाजूला तेव्हा नवे लेआउट पडत होते. सिमेंटचे खुंट रोवलेले, मुरमाचे रस्ते आखलेले, घरं मात्र तुरळक. पहाटे पाचला त्या मुरमाच्या रस्त्यांवर माझ्या पंधरा मुली पळायच्या आणि मी मागून मोटरसायकलवर. हातात स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी, तोंडात शिव्या. आईबहिणीवरून मी शिव्या देत नसे. त्याहून वाईट बोलायचो. कुणाच्या रंगावरून, कुणाच्या दातांवरून, कुणाच्या बापाच्या दारूवरून. एखादी रडली की म्हणायचो, "रडून राह्यली म्हणजे दम शिल्लक हाय. दोन राउंड अजून." बाकीच्या हसायच्या. जी हसायची नाही तिलाही दोन राउंड.

ती अकरावीत आमच्याकडे आली. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. बापाचं अडीच एकर ओलीत होतं. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे बापाबरोबर भाजी तोडायची, सांबाराच्या जुड्या बांधायची आणि मग सायकलनं मैदानावर यायची. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की हिचं पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा आवाज होत नाही. असं पाऊल मला तीस वर्षांच्या नोकरीत दिसलं नव्हतं. मी तिला ते कधी सांगितलं नाही. सांगितलं ते हे: "वजन कमी कर. पाठीवर बापाचा वांग्याचा कट्टा घेऊन पळून राह्यली काय?"

शाळेत वजनकाटा नव्हता. तिच्या बापाच्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये मात्र भाजीचे कट्टे, म्हणजे पोती, मोजायचा काटा होता, जमिनीवर ठेवायचा, लाल आकडे दाखवणारा. रविवारी आमचं लांबचं पळणं असायचं आणि तो रस्ता तिच्याच शेतावरून जायचा. त्यातून रविवारची पद्धत पडली. पंधरा मुली घामाघूम होऊन शेडसमोर ओळीनं उभ्या राहायच्या, एकेक जण काट्यावर चढायची, तिचा बाप आकडा वाचायचा आणि मी वहीत लिहायचो. आकडा मोठ्यानं वाचायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, हा माझा हुकूम होता.

बाप भला माणूस. आपल्या शेडमध्ये सर येतात याचं त्याला फार अप्रूप. मुलींसाठी काकड्या, गाजरं धुऊन ठेवायचा. "खा वं पोरीहो, लाजू नका." त्याची मुलगी हात पुढं करायची तेव्हा मी म्हणायचो, "हिले नको, भाऊ. हिले लय पुढं न्यायचं हाय मले." तो गाजर परत टोपलीत टाकायचा.

एका रविवारी तिचं वजन अर्धा किलो जास्त निघालं. मी बापाला म्हटलं, "भाऊ, कट्टा भरला तं बाजारात भाव येते. पोरगी भरली तं काय येते?" तो हसला. मुली हसल्या. तीही हसली. मग काट्यावरून उतरली, बूट काढून बाजूला ठेवले आणि पुन्हा चढली. "आता पाहा सर," म्हणाली. बुटांचं वजन उतरलं होतं तेवढंच. मी वहीत पहिलाच आकडा लिहिला.

पहिल्या वर्षी ती सत्तेचाळीस किलोची होती. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एकोणचाळीसवर आली. आणि वेळही उतरली, हे लपवून चालणार नाही. पाच हजार मीटरला तिला वीस मिनिटं लागायची, ती साडेअठरावर आली. त्यानं माझा माज वाढला. मी घरी निरोप धाडला: एकच भाकर, तेल बंद, भात बंद. बापानं तो पाळला. आईला पाळवत नव्हता.

मी मुलींच्या पिशव्या तपासायचो. एका सकाळी तिच्या पिशवीत शेंगदाण्याचा लाडू सापडला.

"कोनं देल्ला?"

"मायनं, सर."

"खाल्ला काय?"

"नाई सर. एकच हाय. अजून नाई खाल्ला."

मी तो लाडू तिच्या मुठीत दिला. "हा धरून बारा राउंड मार. फुटला तं अजून चार." ती मुठीत लाडू धरून बारा राउंड पळाली. परत आली तेव्हा घामानं त्याचा चिखल झाला होता आणि बोटांच्या फटींतून बाहेर येत होता. मैदानावर एक पिवळं कुत्रं असायचं. मी म्हटलं, "टाक त्याले." तिनं टाकला. ती हात चाटेल म्हणून मी लगेच तिच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतलं. त्या पाण्याबद्दल ती मला "थँक यू सर" म्हणाली.

आता हजेरीच्या वहीबद्दल. ही वही पुढं फार कामाला आली, म्हणून नीट सांगतो.

महिन्याचे चार दिवस मुली मैदानावर यायच्या नाहीत. त्यांच्या घरी ते पाळत असत. चार दिवस मुलगी बाजूला बसायची, तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, घराबाहेर पाऊल नाही. वहीत चार खाडे पडायचे आणि मी दात खायचो. वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस वाया जातात हा हिशेब मी मुलींना तोंडावर ऐकवायचो. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यापासून तिचे खाडे बंद झाले. एप्रिल, मे, जून, जुलै, सगळे रकाने भरलेले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मी तिला सगळ्यांपुढं उभं केलं आणि वही उघडून धरली. "पाहा. चार महिने झाले, एक खाडा नाई. याले जिद्द म्हणतात. नाई तं तुमी, पोट धरून घरी बसता." टाळ्या वाजवायला लावल्या. तिला स्टीलचा जेवणाचा डबा बक्षीस दिला. ती मान खाली घालून उभी होती.

माझी बायको त्या दिवशी झेंडावंदनाला आली होती. घरी आल्यावर तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"त्या पोरीले चार महिने झाले पाळी नाई. तिनं मले सांगतलं. तिच्या मायले सांगा, दवाखान्यात न्या तिले."

"मेहनत करणाऱ्या पोरींचं होते तसं."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तीस वर्षं झाले मले या लाइनीत."

"तीस वर्षं तुमाले पाळी आलती काय?"

मी ताट सरकवून उठलो. पण खरं काय ते लिहितो. मला मनातून बरं वाटलं होतं. दर महिन्याचे चार दिवस आपल्या पदरात पडले, असंच वाटलं होतं. मी तिच्या आईला काही सांगितलं नाही.

डिसेंबरात हिंगणघाटला विभागीय क्रॉस कंट्री होती. तिथं पहिल्या तिघींत आलं की राज्याला जायचं. शाळेतून आजवर कुणी राज्याला गेलं नव्हतं, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

तिनं मला तीन वेळा सांगितलं. या सगळ्या लिहिण्याचं कारण तेवढंच आहे. तीन वेळा.

पहिल्यांदा नोव्हेंबरच्या शेवटी, सकाळी पळून झाल्यावर. "सर, पायाची नळी दुखते." मी म्हटलं, "नळी दुखून कोणी मरत नाई. कामचोर मरतात."

दुसऱ्यांदा रविवारी, शेडमध्ये. वजन झालं होतं, बाकीच्या मुली गाजरं खात होत्या, बाप बाहेर बैलबंडीवर कट्टे लादत होता. ती एका कट्ट्यावर बसली आणि तिनं उजव्या पायाच्या नळीवर बोट ठेवलं. एकच बोट. "इथंच सर. दाबलं की डोयात पाणी येते."

इथं एक गोष्ट वाचणाऱ्याला सांगायला हवी. आमच्या कामात हे पहिल्या धड्यात शिकवतात. स्नायू दुखत असेल तर खेळाडू तळहात फिरवून दाखवतो: इथून इथपर्यंत. हाड दुखत असेल तर बोट ठेवतो. बोट ठेवलं की पळणं बंद, आधी एक्स-रे फोटो काढायचा. मी हे दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांना शिबिरात शिकवलेलं आहे, स्वतःच्या पायावर बोट ठेवून. त्यामुळं मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तिचं बोट मी पाहिलं, आणि मला कळलं. शर्यत नऊ दिवसांवर होती.

मी म्हटलं, "हळद लावून झोप. अन् घरी बापाले सांगू नको. उगाच काळजी करीन. कोणालेच नको सांगू."

ती "बरं सर" म्हणाली. बाप आत आला तेव्हा ती कट्ट्यावरून उठून उभी राहिली होती.

तिसऱ्यांदा शर्यतीच्या सकाळी. टेम्पोतून उतरताना तिनं पाय टेकला आणि दात आवळले. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, आज नको. आज नाई होत माह्यानं."

"नाई होत? बरं. मंग घरी जाऊन जुड्या बांध. उन्हाळ्यात तुहा बाप तुले उजवून टाकीन, अन् जुड्या बांधता बांधताच मरजो."

तिनं पाय पुढं केला. मी माझ्या हातानं त्याला पट्टी आवळून बांधली आणि उपाशी पोटी दुखण्याच्या दोन गोळ्या दिल्या. बाप धुतलेला पांढरा शर्ट घालून आला होता. त्याला मी शेवटच्या रेषेजवळ उभं केलं, म्हणजे लेक येताना दिसेल.

सहा किलोमीटरची शर्यत. मी चौथ्या किलोमीटरच्या वळणावर, एका जिनिंगच्या कुंपणाशी उभा होतो. रस्त्याच्या कडेला गाड्यांतून सांडलेल्या कापसाचे पुंजके पडले होते. ती दुसरी आली. तोंड राखेसारखं झालं होतं आणि उजवं पाऊल पुरतं टेकत नव्हतं. पहिली मुलगी तिच्यापुढं वीस पावलांवर होती. मी ओरडलो, "पकड तिले! मर, पण थांबू नको!"

माझ्यासमोरून दहा पावलं गेली आणि पडली. पडताना आवाज केला नाही. मी धावत गेलो. बघे जमू लागले होते. "ऊठ. नाटकं नाई पाहिजे मले. ऊठ!" ती नुसती मान हलवत होती. मी तिच्या काखेत हात घालून तिला ओढून उभं केलं. तिनं पाय टेकला. तेव्हा कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला, आणि मग ती ओरडली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सरळ सांगितलं. हाड आधीच चिरलेलं होतं, निदान तीन आठवड्यांपासून. पडल्यावर जागीच झोपवून ठेवलं असतं तर प्लास्टरवर भागलं असतं. उभं केलं म्हणून तुकडे सरकले आणि एक मांस फाडून बाहेर आला. मग त्यानं तिच्या आईला विचारलं, पाळी येते का? आई म्हणाली, बरेच महिने नाही. "हाडं म्हातारीसारखी झाली आहेत हिची. हिला खायला देता की नाही?" आई रडायला लागली. मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो. पडदा पातळ होता, तिचे हुंदके मला नीट ऐकू येत होते. मी आत गेलो नाही.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. त्याच दुपारी मी संत्र्यांची पिशवी, एक कोरा कागद आणि पेन घेऊन दवाखान्यात गेलो. आई घरी गेली होती, बाप चहा आणायला खाली गेला होता. मी कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि सांगू लागलो. ती लिहू लागली. तिचं अक्षर चांगलं होतं. "माझा पाय काही दिवसांपासून दुखत होता, परंतु स्पर्धेला जाता यावे म्हणून मी माझे दुखणे सरांपासून व घरच्यांपासून लपवून…" इथं ती थांबली.

"पन मी तं सांगतलं होतं सर."

"हो. मले माहीत हाय ना. पन तसं लिहिलं तं उद्यापासून मैदान बंद. चौदा पोरी हायेत. तुह्या एका पायापायी चौदा जणींचे पाय बांधू काय?"

ती छताकडे बघत राहिली. मग तिनं "ठेवले" लिहिलं आणि खाली सही केली.

बाप चहा घेऊन आला. मी कागद त्याला वाचायला दिला. द्यायची काही गरज नव्हती, तरी दिला. त्यानं शब्द जुळवत हळूहळू वाचला. चहा खाली ठेवला आणि पलंगावर पडलेल्या, पायाला वजनं बांधलेल्या पोरीच्या थोबाडीत मारली. "कोनापासून लपवलं वं? या मानसापासून? याईनं तुह्यासाठी जीव काढला!" दुसरी मारणार तोच मी त्याचा हात धरला. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तिच्या गालावर बोटं उठली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "जाऊ द्या भाऊ. पोरगी हाय."

चौकशी वीस मिनिटं चालली. तिचं पत्र होतंच, वर मी हजेरीची वही ठेवली. संस्थेच्या एका सभासदानं पानं उलटली आणि म्हणाला, दुखतंय असं सांगितलं असतं तर रोज आली असती का? एक खाडा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पोहे आले.

दोन ऑपरेशनं झाली. पाय बोटभर आखूड राहिला. बारावीचं वर्ष गेलं, पुढं शिकणंही गेलं. पायामुळं लग्न जमेना. माझ्याकडच्या एका मुलीला दोन वर्षांनी राज्याला पाचवा नंबर मिळाला आणि मी सत्कार घेऊन निवृत्त झालो. निवृत्तीनंतरही आठ-नऊ वर्षं मैदानावर जात राहिलो, आणि दर जूनला नव्या मुलींना ओळीत बसवून ही गोष्ट सांगत राहिलो. "एक पोरगी होती. तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगली. तिनं दुखणं लपवलं. आज लंगडते. म्हणून कुठं दुखलं तं आधी मले सांगा." मुली सांगायच्या, आणि मी त्यांना थांबवायचो, फोटो काढायला लावायचो. म्हणजे त्या खोट्यावर किती जणींचे पाय वाचले असतील. हा विचार मी बरीच वर्षं उशाला घेऊन झोपलो.

गेल्या पावसाळ्यात मैदानावर आता शिकवणारा पोरगा भेटला. माझाच जुना विद्यार्थी. पाया पडला आणि म्हणाला, "सर, ते दुखणं लपवणाऱ्या पोरीची गोष्ट मी अजून सांगतो बरं. पोरी घाबरतात. लय कामाची हाय." मी हो म्हटलं आणि घरी आलो. जेवण गेलं नाही. बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, नाहीतर तिनं ओळखलं असतं.

आठ दिवसांनी तिच्या घरी गेलो. लेआउट आता तिच्या शेतापर्यंत पोचले आहेत. बाप ओसरीत खाटेवर पडून होता, पोट फुगलेलं, हातपाय काड्या झालेले. मला पाहून उठायला लागला. "सर! या वो, बसा. आज तुमचीच आठवण करून राह्यलो होतो." आतून ती चहा घेऊन आली. तिशीची झाली आहे. उजवा पाय टाकताना कंबर एका बाजूला कलते. कप माझ्या हातात दिला आणि खांबाला टेकून उभी राहिली.

मी म्हणालो, "भाऊ, मले एक सांगायचं हाय."

"तुमच्या आधी मले सांगू द्या," तो म्हणाला. "माह्या मनात राहून गेलं. या पोट्टीनं दुखणं लपवलं, अन् तुमाले चौकशीत उभं राहा लागलं. तुमच्या नोकरीवर आलतं तिच्यापायी. मी तिले तुमची माफी मागाले लावाची होती, ते राह्यलंच. आता माहा काई भरोसा नाई." त्यानं माझ्यापुढं दोन्ही हात जोडले. मग तिला म्हणाला, "ये वं. पड सरच्या पाया."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग आली. तिचा गुडघा पुरता वाकत नाही. खाटेची माची धरून, एक पाय मागं लांब सोडून ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या भाऊ. लहान होती. मी तिले केव्हाच माफ केलं."

हे वाक्य मी बोललो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवमानूस हाय तुमी," म्हणाला.

ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. स्कूटरपाशी थांबून म्हणाली, "काऊन आलते सर?"

"असंच. पाहाले."

"बाबाले डॉक्टरनं महिना-दोन महिने सांगतले. ते हायेत तोवर एकडाव येजा, अन् सांगजा त्याईले. मी सांगून पाह्यलं. म्हणतात, मरतानाही खोटं बोलून राह्यली बापाजवळ. तुमी सांगतलं तं मानतीन." तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "माह्याच्यासाठी काई करू नका. एवढं करजा."

"येतो," मी म्हणालो. "रविवारी येतो."

रविवारी स्कूटर काढली. लेआउट संपतो तिथल्या टपरीवर चहा घेतला, अजून एक घेतला, आणि परत आलो. पुढच्या रविवारी ताप होता, निदान मला तसं वाटलं. त्यापुढच्या रविवारी कुणी पाहुणे आले. सदतिसाव्या दिवशी तो गेला. ती खोटारडी आहे असं समजूनच गेला.

तेरवीला गेलो. जाताना रस्ताभर वाक्य पाठ करत होतो: पोरी, तू सांगतलं होतं, तीनदा सांगतलं होतं, लपवलं ते मी, मले माफ कर. मांडवात पंगत बसली होती. मला मान देऊन मधोमध बसवलं. नातेवाइकांपैकी एकानं शेजारच्याला ओळख करून दिली, "हे ते सर." ती वरणाची बादली घेऊन ओळीतून येत होती, एकेका पानापुढं कंबर कलवून वाकत. माझ्यापुढं आली. दोन्ही बाजूंना माणसं जेवत होती. मी मान वर केली. ती थांबली. दुसऱ्यांच्या पानापुढं थांबली त्याहून जास्त वेळ थांबली.

मग तिनं पळी भरली. "वाढू सर?"

"बस," मी म्हणालो. "थोडंच."